आमची वाटचाल : आधी तिथी, मग उपग्रह

२०१८ साली पनवेलला दोन खोल्यांत आम्ही दोघा मित्रांनी कामाला सुरुवात केली. युरोपच्या सेंटिनेल-२ उपग्रहांची छायाचित्रं कोणालाही फुकट मिळतात. एक ठिपका १० मीटरचा, दर ५ दिवसांनी नवं चित्र. न्हावा-शेवा बंदर आणि उरणची खाडी हाकेच्या अंतरावर. भराव किती झाला, तिवरं किती उरली, हे वरून मोजायचं ठरवलं.

पहिल्याच कामात घोडचूक झाली. दोन वर्षांची दोन चित्रं शेजारी ठेवून आम्ही अहवाल दिला, की बंदरालगतच्या चिखलाचा मोठा पट्टा नाहीसा झाला. नंतर करंजाच्या एका कोळीकाकांना तो नकाशा दाखवला. त्यांनी फक्त तारखा विचारल्या आणि बोटांवर तिथी मोजली. "ही अष्टमीची, ही पुनवेची. चिखल गेला नाय, पान्याखाली हाय." अहवाल परत घेतला. ते गिऱ्हाईक पुन्हा आलं नाही.

हिशेब सोपा आहे : तिथीची पाऊणपट म्हणजे भरतीची वेळ. पुनवेला पंधराची पाऊणपट सव्वाअकरा, आणि उपग्रह आपल्या डोक्यावरून सकाळी अकरा-सव्वाअकरालाच जातो. म्हणजे पुनवेला, अवसेला त्याला दिसणार उधाणाची भरतीच. अष्टमीच्या सुमारास सुकती, म्हणजे ओहोटी, दिसते, पण ती भांगाची, म्हणजे पाणी फारसं न उतरणारी. उधाणाची सुकती पहाटे नि संध्याकाळी येते. त्यामुळे सगळ्यात खालचा चिखल, जिथे पक्षी चरतात आणि बायका शिंपल्या वेचतात, तो या उपग्रहाला कधी दिसतच नाही. आमच्या प्रत्येक अहवालात हे पहिल्या पानावर असतं. प्रत्येक चित्रावर तिथीही असते.

पावसाळ्यात ढगांमुळे ढगांपार बघणाऱ्या रडार उपग्रहावर, सेंटिनेल-१वर, विसंबावं लागतं. तेलाचा तवंग बारीक लाटा दाबतो, म्हणून रडारच्या चित्रात तो काळा दिसतो. पण वारा पडला की स्वच्छ पाणीही काळंच दिसतं, तेव्हा वाऱ्याची नोंद बघितल्याशिवाय आम्ही तवंग म्हणत नाही. ७ ऑगस्ट २०१०ला मुंबईजवळ दोन जहाजं धडकून तेल सांडलं, तेव्हा हे उपग्रह नव्हते.

आता आम्ही चौघं आहोत. पालघर जिल्ह्यातल्या वाढवण बंदराची पायाभरणी ३० ऑगस्ट २०२४ला झाली. समुद्रात १,४४८ हेक्टर भराव व्हायचा आहे. तिथल्या किनाऱ्याची भरावाआधीची चित्रं आम्ही स्वखर्चाने तिथीवार लावतो आहोत. मागेल त्या मच्छीमार सोसायटीला ती मोफत देतो.