लोगो स्पर्धेतील एका ओळीच्या अभिप्रायाने काय घडले: माझा अनुभव

कोल्हापूरच्या अनंत खासबारदार यांनी रेखाटलेले गांधीजींच्या चष्म्याचे बोधचिन्ह २०१४ मध्ये ‘मायगव्ह’ या केंद्र सरकारच्या लोकसहभागाच्या संकेतस्थळावरील खुल्या स्पर्धेतून स्वच्छ भारत अभियानासाठी निवडले गेले, तेव्हापासून मला अशा स्पर्धांची ओढ आहे. परदेशी संकेतस्थळांवर ही रीत थोडी वेगळी असते. ग्राहक आपली गरज लिहून देतो, कोणीही रेखाटने पाठवू शकतो, ग्राहक त्यांना एक ते पाच तारे देतो, निवडक डिझायनर अंतिम फेरीत जातात आणि बक्षीस बहुधा एकालाच मिळते. बाकीच्यांचे श्रम विनामोबदला जातात. म्हणून भाग घेण्यापूर्वी बक्षिसाची हमी आहे का आणि एकाचे काम दुसऱ्याला दिसते का, हे मी आधी तपासतो.

न्यूझीलंडमधील एका मध-उत्पादक कुटुंबाची स्पर्धा खुली होती, म्हणजे सर्वांची रेखाटने सर्वांना दिसत होती. एका षटकोनी पोळ्याला पाच तारे मिळाले आणि पाहता पाहता सगळीकडे षटकोनच दिसू लागले. माझ्याही मधमाशीच्या रेखाटनाला चार तारे मिळाले होते, त्यामुळे पंखांच्या रेषा थोड्या बदलून तेच पुन्हा पाठवण्याचा मोह होता. याच सुमारास ग्राहकाने मला एक ओळ लिहिली: त्यांच्या बरण्या आठवडी बाजारात टेबलावर मांडलेल्या असतात आणि तेवढ्या अंतरावरून बारीक रेषा दिसत नाहीत.

त्या एका ओळीने कामाची दिशाच बदलली. चार ताऱ्यांनी मला एवढेच सांगितले होते की काम बरे आहे; ते कुठे, कोणाच्या नजरेस पडणार आहे हे त्या ओळीने सांगितले. मी मधमाशी वगळली आणि मानुका या न्यूझीलंडमधील मधासाठी प्रसिद्ध झुडपाचे पाच पाकळ्यांचे पांढरे फूल एकाच रंगात, जाड आकारांत काढले. नखाएवढ्या आकारात छापून पाहिले, तरी पाकळ्या एकमेकींत मिसळत नव्हत्या.

अर्थशास्त्रज्ञ डॅनियल ग्रॉस यांनी अशाच लोगो स्पर्धांचा अभ्यास करून दाखवले आहे की, चुरस नसली की चांगले तारे मिळालेला डिझायनर जुन्याच कल्पनेत किरकोळ फेरफार करत राहतो, तुल्यबळ प्रतिस्पर्धी समोर आला की नवे करून पाहतो आणि असे प्रतिस्पर्धी फार झाले की अंग काढून घेतो. माझ्या अनुभवाशी हे पुष्कळ जुळते. त्यात मी अभिप्रायाच्या वेळेची भर घालीन, कारण हीच ओळ अंतिम फेरीत आली असती, तर फूल सुचूनही ते नीट घडवायला अवधी उरला नसता. बक्षिसाची रक्कम वाढवण्याआधी संकेतस्थळांनी पहिल्या फेरीत लेखी अभिप्राय बंधनकारक करावा, असे मला मनापासून वाटते.

फुलाचे रेखाटन अंतिम फेरीत गेले आणि निवडले गेले. त्यानंतर स्वामित्वहक्क ग्राहकाच्या नावे करण्याचा करार, एआय (म्हणजे इलस्ट्रेटर या रेखाटन-प्रणालीच्या), एसव्हीजी आणि पीडीएफ या स्वरूपांतील फाइली, तसेच शिक्क्यासाठी काळी-पांढरी प्रत द्यावी लागली. ग्राहकाने लेबल छापून, त्याच बाजारात मांडून पाहिले आणि मगच फाइलींना मान्यता दिली.