ऑप्शन फॉर्म भरताना एमएसचा विचार

आज दुपारभर कॅपचे, म्हणजे इंजिनिअरिंगच्या केंद्रीय प्रवेश प्रक्रियेचे, ऑप्शन फॉर्म (कॉलेजांच्या पसंतीक्रमाचे) तपासले. पुढे परदेशात एमएस (पदव्युत्तर पदवी) करायचं पक्कं असलेली मुलंसुद्धा कटऑफच्या उतरत्या क्रमानेच कॉलेजं लावतायत. कृपा करून आधी सिलॅबसची पीडीएफ उघडा. ब्रँचचं नाव 'एआय अँड डेटा सायन्स' असू दे, पण त्यात डिस्क्रीट मॅथ्स, ऑपरेटिंग सिस्टिम, थिअरी ऑफ कॉम्प्युटेशन आहे का? किती क्रेडिटचं? जर्मनीत अनेक विद्यापीठं पदवीच्या नावापेक्षा विषय आणि क्रेडिट जुळवून बघतात. तिथे कमी पडलात तर उत्तम सीजीपीए (सगळ्या सेमिस्टरची मिळून सरासरी ग्रेड) असूनही अर्ज बाद होऊ शकतो.

दुसरी गोष्ट सहसा कुणी बघतच नाही: पास व्हायला किती ग्रेड पॉइंट लागतात. जर्मन ग्रेड काढताना कमाल गुणांतून तुमचे वजा करतात, त्याला कमाल वजा पासिंगने भागतात, 3 ने गुणतात, वर 1 मिळवतात. 10 पैकी सीजीपीए 8 आणि पासिंग 4 असेल तर येतात 2.0. पासिंग 5 असेल तर 2.2. आणि तिथे आकडा जितका कमी तितका चांगला!

अमेरिकेचे बरेच अर्ज डिसेंबरात जातात. तेव्हा हातात सहाच सेमिस्टरचे गुण असतात आणि शिफारसपत्रं बहुधा तीन लागतात. म्हणून सीनियर्सना विचारा, तिसऱ्या वर्षात सरांच्या हाताखाली खरंखुरं काम मिळतं का? नुसतं वर्गात बसलेल्या मुलाबद्दल सर लिहिणार तरी काय?

गेट ही प्रवेश परीक्षा देऊन इथेच एमटेक करणाऱ्यांना कॉलेजच्या नावाची काळजी बरीच कमी. परीक्षा तिसऱ्या वर्षापासून देता येते, स्कोअर 3 वर्षं चालतो.