४१३००१

पुण्याच्या भाचीला शेंगाचटणी पाठवायची होती. डबा बांधून झाला, खोक्याला चिकटपट्टी लागली, आणि पाठवणाऱ्याचा पत्ता लिहिताना माझा हात पिनकोडवर अडला. ४१३००१. जन्मभर हा आकडा लिहीत आलो, पण त्याच्याकडे नीट बघितलं कधीच नव्हतं.

अंकांची बेरीज नऊ, म्हणजे नवाने भाग जाणार. स्वतःच्या अंकांच्या बेरजेने ज्या संख्येला निःशेष भाग जातो, तिला देवळालीच्या कापरेकर मास्तरांनी ‘हर्षद’ असं नाव दिलं. आनंद देणारी. एप्रिलच्या सोलापुरात आनंद देणारं काहीतरी सापडलं, हेही कमी नाही.

नवाने भागल्यावर उरले ४५८८९, आणि इथे गडी हट्टाला पेटला. मोबाईलमध्ये कॅल्क्युलेटर होता, पण पेपरच्या कडेला पेन्सिलने भागाकार मांडायचं सुख वेगळंच. साताने भागलं, चार उरले. एकोणीस, चार. तेवीस, पुन्हा चारच! शंभरी ओलांडली तरी दाद नाही. वर्गमूळ २१४ च्या जरा पुढे, म्हणजे तिथपर्यंत घासत जायची तयारी ठेवली होती. पंचवीस मूळ संख्या वाया गेल्या आणि सव्विसावी लागू पडली: १०९. जपमाळेचे १०८ मणी आणि वर मेरुमणी. जोडीदार ४२१, तोही मूळच.

मागावरच्या चौकड्यांसारखं मांडायचं तर ४२१ ओळी, प्रत्येकीत ९८१ घरं. एकही घर सांडत नाही.

खरं तर १५ ऑगस्ट १९७२ ला पिन सुरू झाला तो टपालाची वाटणी सोपी व्हावी म्हणून. तो आखणारे श्रीराम भिकाजी वेलणकर संस्कृतचे पंडित. पहिले तीन आकडे पत्र कुठल्या भागात न्यायचं ते सांगतात, शेवटचे तीन कुठल्या पोस्टात. त्यात अवयवांचा विचार कोण कशाला करेल?

पण १०९ म्हणजे १० चा वर्ग अधिक ३ चा वर्ग, आणि ४२१ म्हणजे १५ चा अधिक १४ चा. अशा दोन संख्यांचा गुणाकारही दोन वर्गांची बेरीजच असतो, ही ब्रह्मगुप्ताची सातव्या शतकातली युक्ती. ती लावली, तिनाने गुणलं, आणि आमचं गाव निघालं ३२४ चा वर्ग अधिक ५५५ चा वर्ग. ३२४ म्हणजे १०८ ची तिप्पट. माळ काही पाठ सोडेना. दुसऱ्या वाटेने ५७६ आणि २८५. दोन्ही पडताळून पाहिले. बरोबर.

“अहो, चटणी पोचायच्या आधी खवट होईल,” आतून आवाज आला. “तिचा पिन लिहिला का?”

लिहायला घेतला. ४११००४. बेरीज दहा, म्हणजे हर्षद नाही. तरी अकराने भागून पाहिलं, ३७३६४. बाकी शून्य.

पेन्सिल हातातून काढून घेतली गेली.