450 ची डायरी, भाग 6: शेपटी गप्प बसली

आधी बातमी. काल सकाळी सातच्या सुमारास, दुसऱ्या बॅटरी पॅकवर, माझं रिमोटवरचं 450 आकाराचं हेलिकॉप्टर, म्हणजे हेली, गुडघाभर उंचीवर चाळीस सेकंद उभं राहिलं आणि त्या चाळीस सेकंदांत शेपटी हलली नाही. मी ओरडले. बांधावर झोपलेलं कुत्रं उठून पळालं.

मागच्या भागातली परिस्थिती आठवत असेल. स्वॉश (मुख्य पात्यांचा कोन बदलणारी तबकडी) लेव्हलरवर सपाट, मधल्या स्टिकला पिच (पात्यांचा कोन) शून्य, वर-खाली दहा-दहा अंश, ट्रॅकिंग (दोन्ही पाती एकाच पातळीत फिरणं) एका लिंकच्या अर्ध्या फेऱ्यात जुळलेलं. डोक्याकडून, म्हणजे मुख्य रोटरकडून, काही तक्रार नव्हती. पण प्लायच्या तुकड्यावरून स्किड, म्हणजे खालचे पाय, सुटले की शेपटी डावी-उजवी, डावी-उजवी, गाय माश्या वारते तशी. सेकंदाला साधारण दोनदा.

पहिला संशय अर्थात गेनवर, म्हणजे जायरो शेपटीला किती जोरानं सावरतो त्यावर. 45 वरून 40, 35, 30. तिसाला वळवळ कमी झाल्यासारखी वाटली, पण शेपटी इतकी मऊ पडली की कलेक्टिव्ह (सगळ्या मुख्य पात्यांचा कोन एकदम) जरा वर दिलं की नाक डावीकडे भरकटायचं. परत 45. मग टेल सर्व्हो, शेपटीच्या पात्यांचा कोन बदलणारी छोटी मोटर. सेटिंग तपासलं, 1520 मायक्रोसेकंद आणि 333 हर्ट्झ, बरोबर. त्याच्या हॉर्नवरचा (दांडीवरचा) बॉल एक भोक आत घेतला, फरक नाही. टेल रोटर फिरवणारा पट्टा ताणला, सैल केला. टेल शाफ्ट काढून आरशावर फिरवला, सरळ. एफबीएलखालचा (जायरो असलेल्या कंट्रोल युनिटखालचा) दुहेरी टेप बदलला, टेल ब्लेडची जोडी बदलली. टेलच्या पात्यांचा कोन बदलणारा पिच स्लायडर हातानं सरकवून पाहिला तर लोण्यासारखा. या लोण्यावरच मी तीन आठवडे घसरत होते.

वैतागून नवा मेटल गिअरचा टेल सर्व्हो मागवायचं ठरवलं. साडेतीन हजार. कार्टमध्ये टाकूनही ठेवला होता.

आमच्याकडे रानात एक काका येतात. आयुष्य फिटर म्हणून काढलेलं, हेलीच्या वाटेला जात नाहीत, बाल्साची विमानं उडवतात. त्यांना व्हिडिओ दाखवला. त्यांनी दोनदा बघितला आणि म्हणाले, "अगं, ही वळवळ हळू आहे. गेन जास्त असता तर नुसती थरथरली असती. हे कुठंतरी अडकतंय आणि मग एकदम सुटतंय."

"काका, हातानं तर एकदम मोकळं सरकतंय."

"हातानं सरकवताना त्याच्यावर ओढ कुठं असते?"

घरी येऊन कागद घेतला. माझा हेडस्पीड, म्हणजे मुख्य रोटरचा वेग, मिनिटाला 2500 फेऱ्यांच्या आसपास. टेलचं गुणोत्तर 4.24, म्हणजे मागचा रोटर मिनिटाला साधारण 10,600 फेरे. पातं आणि ग्रिप (पातं धरणारी पकड) मिळून दोन ग्रॅम धरले आणि वजनाचा मध्य हबपासून साडेचार सेंटिमीटरवर, तर बाहेरच्या दिशेनं ओढ येते जवळपास 11 किलो! दोन ग्रॅमच्या वस्तूला! गणित तीनदा केलं. म्हणजे प्रत्येक ग्रिपला अकरा किलोचं पोतं बांधून तिला डावी-उजवी फिरवायला सांगायचं आणि तेही एवढ्याशा सर्व्होनं. हे जमतं ते फक्त थ्रस्ट बेअरिंगमुळे.

मग पाती काढली, बूम (शेपटीची नळी) मांडीत धरला, ग्रिप चिमटीत पकडून जोरात बाहेर ओढली आणि ओढतच फिरवली. खर्र! सोडली की लोणी, ओढली की खर्र. दुसरी ग्रिप, तेच. त्या क्षणी झालेला आनंद घरात कोणाला समजावता आला नाही.

ग्रिप उघडायच्या आधी स्वयंपाकघरातून परात आणली. मागे फरशीवर हरवलेल्या बेअरिंगच्या गोळ्या आठवत असतील, त्यातली एक अजून फ्रीजखाली आहे. थ्रस्ट बेअरिंग म्हणजे दोन चकत्या आणि मध्ये गोळ्यांची जाळी. दोन्ही चकत्या दिसायला सारख्या, पण नसतात. एकीचं भोक मिलीमीटरच्या एक-दोन दशांशानं मोठं. लहान भोकाची चकती बाहेर, स्क्रूच्या डोक्याकडे, कारण ती हबबरोबर स्थिर राहते. मोठ्या भोकाची आत, हबकडे, कारण ती ग्रिपबरोबर फिरते आणि तिनं मधल्या दांड्याला शिवायचं नसतं. माझ्या दोन्ही ग्रिपमध्ये उलटं होतं. लहान भोकाची चकती आत बसून दांड्याला घासत होती. हातात घेतल्यावर कळत नाही, अकरा किलो लागले की चावते.

हे मी नाही बसवलेलं. टेल असेंब्ली किटमध्ये जोडूनच आली होती आणि "फॅक्टरीत जोडलेलं आहे, हात लावू नका" असं विकणाऱ्यानं बजावलं होतं. मी गुणी मुलीसारखा हात लावला नाही. यापुढे जोडून आलेला प्रत्येक भाग माझ्याकडे आधी परातीत जाणार.

चकत्या ओळखायला कॅलिपर लागत नाही. तोच स्क्रू दोन्हींतून घालून बघायचा, एक चकती बेतात बसते, दुसरी खुळखुळते. जाळीत टाचणीच्या टोकानं ग्रीस भरलं, उलट-सुलट दुरुस्त केलं, स्क्रूच्या आट्यांना लॉक्टाइट 243 (स्क्रू सुटू न देणारा डिंक) लावलं. अगदी टिपका, तेही आट्यांच्या टोकालाच. ओघळून बेअरिंगमध्ये गेलं तर परत पहिल्यापासून. स्क्रू नुसता टेकेपर्यंत आवळायचा, करकचून आवळला तर तोच अडकवतो. सैल राहिला तर ग्रिप सुटून कुठं जाईल ते मात्र सांगता येत नाही, म्हणून पहिल्या स्पूलला, म्हणजे रोटर वेगात आणताना, मी काकांच्या गाडीमागे उभी होते.

पान्यांबद्दल एक वाक्य, कारण पुन्हा पैसे गेले. शंभर रुपयांच्या अ‍ॅलन कीच्या जुडग्यानं दीडच्या स्क्रूची तोंडं गोल करून घेण्यापेक्षा एक चांगला दीडचा हेक्स ड्रायव्हर घ्या, बाकीचे मापाप्रमाणे सावकाश.

कार्टमधला सर्व्हो काढून टाकला. गेन 45 वरच ठेवला होता, तो काल 50 केला, तरी थरथर नाही. 

दुसरं छोटं सुख म्हणजे ट्रेनिंग गिअर. कार्बन रॉडवाला तयार सेट मागवायचा नाही असं ठरवलं होतं. मिरजेत बुरुडाकडून चार कामट्या तासून घेतल्या, टोकांना जत्रेतले प्लास्टिकचे चेंडू आणि स्किडला झिप टाय. ऊस तुटलेल्या रानात ढेकळांवर तिरकं उतरलं तरी हेली कलंडत नाही. दिसतं मात्र पाळण्यावरच्या खेळण्यासारखं.

एकच गोष्ट उरली आहे. स्पूल होताना, पूर्ण वेगाच्या आधी, एका टप्प्यावर सगळं अंग घुसळतं आणि पुढे गेलं की थांबतं. मी फेदरिंग शाफ्ट (मुख्य ग्रिप ज्यावर बसतात तो दांडा) वाकला असं धरून नवा मागवणार होते. पण आत्ता वरचा परिच्छेद लिहिताना वाटलं, घुसळणं कामट्या लावल्यानंतरच सुरू झालंय. कामटी लवचिक, टोकाला चेंडू, त्या वेगाला सगळा पाळणाच झुलायला लागत असेल. शाफ्टची ऑर्डर थांबवते. आधी कामट्या एक वीत कापून बघते.

थांबा, अजून एक. लिहिता लिहिता उठून मेन ग्रिपही तशाच ओढून फिरवल्या. चकत्या बरोबर आहेत, पण एक बाजू कोरडी ठणठणीत, ग्रीसचा मागमूस नाही. म्हणजे रविवारचा हॉवर (हवेत एका जागी तरंगणं) लांबला. आज रात्री डोकं उघडायचं. परात आत्ता पोळ्यांच्या पिठात आहे, जेवणं झाली की मिळेल.