शंभर साइजचा पिस्टन
उदगीर, रविवार, रात्रीचे दहा

हाताचा ग्रीस काही केल्या निघत नाही, तेव्हा या पानावर ठसे उमटणारच. उमटू देत. आज ब्लॉक बसला, म्हणजे पिस्टन ज्याच्या आत वर-खाली पळतो ते इंजिनाचं नळकांडं.

माझी जुनी येझदी मोटरसायकल उघडल्यापासून गल्लीत सगळ्यांचा एकच प्रश्न. "मोठा पिस्टन टाकायलास म्हणं. मग पॉवर किती वाढंल?" शेवटी शेजारच्या काकांना संध्याकाळी कागदावर हिशेबच मांडून दाखवला. मूळ बोअर (ब्लॉकचा आतला व्यास) ६५ मिलिमीटर, स्ट्रोक (पिस्टनची वर-खाली धाव) ७५, म्हणजे २४८.९ सीसी. आता बोअर ६६, म्हणजे २५६.६. वाढले जेमतेम पावणेआठ सीसी. (दोन सायलेन्सर बघून काकांना आत दोन पिस्टन वाटत होते. एकच आहे म्हटल्यावर त्यांचा निम्मा उत्साह तिथंच गेला.) "मग एवढा कुटाणा कशाला?"

कुटाणा पॉवरसाठी नाहीच. ब्लॉक गोल राहिला नव्हता. पिस्टन खाली येताना कनेक्टिंग रॉड तिरका असतो, तो पिस्टनला एका बाजूला रेटतो आणि वर्षानुवर्षं तीच बाजू झिजते. त्यात आधीच्या मालकानं एअर फिल्टर काढूनच टाकलेला. उन्हाळ्यात आपल्याकडच्या रस्त्यांवर जी काळ्या मातीची धूळ उडते, ती आत जाऊन तेलात कालवली की रिंगांचं आणि भिंतीचं काय होत असेल ते सांगायला नको. एक्झॉस्टच्या बाजूला उभा ओरखडा होता, नखाला अडकेल एवढा.

जुन्या पिस्टनच्या डोक्यावरचा कार्बन खरवडला तर खाली आकडा निघाला, ६५.५०. म्हणजे कुणीतरी आधी बोअर करून, ब्लॉक आतून कातून मोठा करून घेतलेला होता. प्रत्येक बोअरला ब्लॉकचं थोडं लोखंड जातं आणि गेलेलं परत येत नाही. येझदीचा मैसूरचा कारखाना १९९६ सालीच बंद पडला. पंच्याहत्तरवर, म्हणजे मूळ मापापेक्षा ०.७५ मिलिमीटर मोठ्या पिस्टनवर, भागलं असतं तर मला बरं वाटलं असतं.

पण लातूरच्या बोअरिंगवाल्यानं बोट आत फिरवलं आणि म्हणाला, "पाऊणमध्ये हा ओरखडा जाणार नाही सर, थेट शंभरला घ्या. आणि पिस्टन आणलाय का? पिस्टनाशिवाय मी मशीन चालू करत नसतो." हे मला फार आवडलं. डब्यावर ६६ छापलेलं असलं तरी तो पिस्टन मायक्रोमीटरनं स्वतः मोजतो आणि त्या पिस्टनापेक्षा अडीच थाऊ (थाऊ म्हणजे इंचाचा हजारावा भाग) जास्त, म्हणजे साधारण ०.०६ मिलिमीटर, एवढाच बोअर ठेवतो. कमी ठेवला तर तापल्यावर पिस्टन धरतो, जास्त ठेवला तर खडखड वाजतो. शेवटचं होनिंग, म्हणजे भिंत दगडानं बारीक घासणं, करायच्या आधी ब्लॉक पंख्याखाली गार करायला ठेवला. गरम ब्लॉकचं माप खोटं येतं म्हणे. मध्येच लाईट गेली. बसलो चहा पीत.

एसटीत ब्लॉक मांडीवर घेऊन आलो, जुन्या टॉवेलात गुंडाळून.

घरी आल्यावर खरं काम पोर्टांचं. टू-स्ट्रोकच्या ब्लॉकला भिंतीतच खिडक्या असतात आणि बोअर केल्यावर त्यांच्या कडा ब्लेडसारख्या होतात. तशाच ठेवल्या तर रिंग त्यात अडकून तुटते. छोटा दगड घेऊन एकेक कड मारत बसलो. दगड फिरवायचा, बोटानं बघायचं, परत फिरवायचा. मशीननं पाच मिनिटांत होईल, पण दगड घसरून भिंतीवर गेला की बोअरचे पैसे पाण्यात. नंतर ब्लॉक साबणाच्या पाण्यानं धुतला, पांढरं फडकं आतून काळं येईनासं होईस्तोवर. मग लगेच तेल, नाहीतर तासाभरात गंज.

खालच्या क्रॅंकला हात लावला नाही. रॉड वर-खाली ओढून पाहिला, झोल नाही. बाजूला थोडा हलतो, तो हलायलाच हवा.

पिस्टन आणि रॉड जोडणारी गजन पिन फ्रीजमध्ये ठेवली होती आणि पिस्टन उकळत्या पाण्यात. गरम पिस्टन फुगतो, गार पिन आक्रसते, मग हातोडी लागत नाही. "अहो, दह्याशेजारी हे लोखंड काय ठेवलंय?" हिनं विचारलं. पातेल्याबद्दलचं बोलणं इथं लिहीत नाही. पिन मात्र अंगठ्यानं दाबली तशी सरकत गेली. बाणाची खूण एक्झॉस्टकडे, क्रॅंकच्या तोंडात फडकं कोंबलेलं, पिन अडवणाऱ्या सर्क्लिप नव्याच. हेडचे नट आडवेतिडवे, थोडेथोडे करत आवळले.

उद्या कार्ब्युरेटर आणि सायलेन्सर. पहिले पाचशे किलोमीटर पेट्रोलच्या लिटरला ५० मिली तेल आणि वेग पन्नासच्या आत. काकांना हत्तीबेटाला मागं बसून जायचंय. हे रनिंग, म्हणजे नवा पिस्टन रुळवणं, संपेपर्यंत डबल सीट बंद, हे त्यांना अजून सांगायचंय.