बॅरल बसवल्यावर मोजा

ठाण्याच्या वागळे इस्टेटमधल्या कुठल्याही टर्नरला विचारा, हाउसिंगमध्ये बुश प्रेस केला की त्याचा आयडी (आतला व्यास) आवळतो. म्हणून भोक मापात आणणारा रीमर प्रेसिंगनंतर फिरवायचा. रिव्हॉल्व्हरच्या बॅरलचंही हेच होतं, आणि नेम का बिघडला हे शोधताना लोक ते शेवटी तपासतात.

बॅरल फ्रेममध्ये आट्यांवर घट्ट आवळलं की आट्यांच्या जागी बोर (आतलं भोक) ०.०२५ ते ०.०५ मिमी लहान होऊ शकतो. .३८ स्पेशल काडतुसाची शिशाची गोळी साधारण ९.०९ मिमी. ती या गळ्यातून दबून जाते आणि शिसं पुन्हा फुगत नाही. पुढच्या पूर्ण मापाच्या बोरमध्ये ती सैल धावते, फिरकी देणाऱ्या बोरमधल्या खाचा तिला नीट पकडत नाहीत, कडेने गॅस निसटतो आणि बॅरलमध्ये शिसं चिकटतं. जॅकेटवाल्या (तांब्याच्या आवरणाच्या) गोळ्यांत शिसं चिकटत नाही, त्यामुळे हा दोष लपून राहतो.

शोधायचा कसा? रिकाम्या रिव्हॉल्व्हरमध्ये तोंडाकडून मऊ शिशाचा तुकडा ढकलायचा. सगळीकडे सारखा सरकून फ्रेमपाशी अचानक जड झाला, तर गळा तिथेच आहे. तो तुकडा मोजायला ०.०२ मिमीचा व्हर्नियर कुचकामी, मायक्रोमीटरच हवा. स्मिथ अँड वेसनसारखं पाच खाचांचं बॅरल असेल तर खाचेसमोर खाच येत नाही, म्हणून व्ही-अॅन्व्हिलचा (व्ही आकाराच्या टेकूचा) मायक्रोमीटर लागतो.

बॅरलला दोष देण्याआधी सिलिंडर मात्र बघाच. प्रत्येक चेंबरचा पुढचा घसा बॅरलच्या खाचांच्या व्यासाइतका किंवा किंचित मोठा हवा: खाचा ९.०७ मिमी तर घसा ९.०९ उत्तम. घसा लहान असेल तर गोळी बॅरलला पोचण्याआधीच बारीक झालेली असते. चेंबरना मार्करने क्रमांक द्या आणि प्रत्येकाचं टार्गेट वेगळं ठेवा. सहावी गोळी नेहमी बाहेर जाते ती कुठल्या चेंबरची, हे लगेच दिसतं.

सिलिंडर आणि बॅरलमधल्या फटीची चिंता लोक फार करतात. फीलर गेजने (पातळ मोजपट्ट्यांनी) ०.१० ते ०.२० मिमी आली की ठीक. फट वाढली तर मुख्यतः वेग घटतो, ग्रुप (टार्गेटवरच्या छिद्रांचा पुंजका) लगेच फाटत नाही. फोर्सिंग कोनचं, म्हणजे बॅरलच्या मागच्या निमुळत्या तोंडाचं, वेगळं. तो बोरशी एककेंद्री नसेल तर गोळी एका बाजूने तासली जाते.

आणि क्राउन, म्हणजे बॅरलच्या पुढच्या तोंडाची कडा! गोळी शेवटचा स्पर्श करते ती ही कडा. एका बाजूला बर (धातूची उठलेली कड) किंवा टवका असला की गॅस तिथून आधी सुटतो आणि गोळीची शेपूट ढकलतो. तोंडाकडून क्लीनिंग रॉड घासल्याने ती झिजते, आणि ठाण्याच्या दमट हवेत गंजाचा ठिपकाही तिला पुरतो. कापसाची काडी आतून बाहेर फिरवा; तंतू अडकले तर कडा खराब.

हात कितीही सफाईदार असला तरी हे काम जॉब शॉपमध्ये होत नाही. शस्त्र कायदा १९५९च्या कलम ५ नुसार दुरुस्तीला परवाना लागतो, बॅरल आखूड करायला कलम ६ आहे. परवानाधारक गनस्मिथकडे जाताना क्रमांक टाकलेली ती सहा टार्गेटं सोबत न्या.