बटरफ्लाय व्हॉल्व्ह बसवतानाच बिघडतो

नवा व्हॉल्व्ह पहिल्याच दिवशी गळला की बोट कंपनीकडे जातं. बटरफ्लाय व्हॉल्व्हमध्ये प्रवाह अडवायला फिरती डिस्क असते, आणि ती रबराच्या अस्तरावर, म्हणजे सीटवर टेकते. अशा रबर सीटच्या वेफर व्हॉल्व्हमध्ये (दोन फ्लँजमध्ये नुसता दाबून बसवायच्या) मात्र आधी फ्लँजपाशी, म्हणजे पाइपाच्या टोकाच्या बोल्टच्या कड्यापाशी बघावं.

या व्हॉल्व्हचं रबर बॉडीच्या दोन्ही तोंडांवर आलेलं असतं, म्हणजे गॅस्केट (सांधा गळू नये म्हणून घालायची पॅकिंग) त्यातच आहे. तरी सवयीने दोन्ही बाजूंना वेगळी पॅकिंग घातली जाते. ती घालू नये. रबर नीट दाबलं जात नाही.

बसवताना डिस्क किंचित उघडी हवी, पण तिची कड बॉडीबाहेर यायला नको. पूर्ण बंद ठेवून बोल्ट आवळले तर दाबलेलं रबर डिस्कला घट्ट धरतं, मग हँडल हलत नाही आणि जोर लावला की सीट फाटते. फ्लँज पुरेसे फाकवा, नाहीतर व्हॉल्व्ह सरकवतानाच रबराची कड दुमडते. व्हॉल्व्ह मध्यभागी आणा, बोल्ट हाताने लावा, डिस्क हळूहळू पूर्ण उघडा. कुठे अडकत नसेल तरच समोरासमोरचे बोल्ट टप्प्याटप्प्याने आवळा.

अडकते ती बहुधा जाड पाइपात. 150 मिमीच्या व्हॉल्व्हची बॉडी 56 मिमी रुंद असते. डिस्क पूर्ण उघडली की फ्लँजच्या तोंडाशी तिची रुंदी साधारण 139 मिमी भरते. शेड्यूल 40 (शेड्यूल म्हणजे पाइपाच्या जाडीचा क्रमांक) पाइपाचा आतला व्यास 154 मिमी, तिथे चिंता नाही. जास्त जाड शेड्यूल 80 मध्ये तो 146 मिमी, म्हणजे प्रत्येक बाजूला जेमतेम साडेतीन मिमी. व्हॉल्व्ह चार मिमी सरकला की डिस्क पाइपाला घासलीच!

व्हॉल्व्ह जागेवर असताना फ्लँज पूर्ण वेल्ड करू नये हे तर सांगायलाच नको, तरी घडतं. व्हॉल्व्ह मध्ये धरून फ्लँज फक्त टॅक करा (वेल्डचे छोटे ठिपके मारा), मग तो काढून पूर्ण वेल्ड मारा आणि थंड झाल्यावरच परत बसवा.

रबर कुठलं, हे खरेदीतच ठरवा. पाण्याला ईपीडीएम रबर उत्तम, पण तेलाने ते फुगतं. कॉम्प्रेसरच्या हवेत तेलाचा अंश येतो, म्हणून तिथे नायट्राइल रबर. गाळाच्या पाण्यात शाफ्ट, म्हणजे डिस्क फिरवणारा दांडा, आडवा ठेवा. उभा ठेवला तर दांड्याच्या खालच्या आधारात (बुशात) गाळ साचतो.

आणि पुढचा पाइप काढायचा असेल तर वेफरच्या भरवशावर राहू नका. त्याला दोन्ही फ्लँजच धरून ठेवतात. अशा जागी लग प्रकार घ्या (बॉडीला आट्यांचे कान असतात, त्यात दोन्ही बाजूंचे बोल्ट स्वतंत्र बसतात), तोही या वापरासाठी किती दाबाला चालतो ते विचारून.